'पाझर' या विषयात सूट

एका जंगलात, मुलांनो, दोन शाळा होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच झाडाला होत्या. झाड बेहड्याचं. त्याच्या सगळ्यात वरच्या फांदीवर विद्यापीठ होतं. तिथे विज्ञानाची पदवी मिळायची. त्याच झाडाच्या बुंध्याशी एक भलंमोठं वारूळ होतं. त्या वारुळात तंत्रनिकेतन होतं. तिथे पदार्थ अभियांत्रिकीची पदविका मिळायची.

वरच्या शाळेत गोष्टी तशा का असतात ते शिकवत. माती चिकट का, लाख कडक का, बांबू लवचिक का. तिथे नियम असा, की शिकताना कशालाही हात लावायचा नाही. परीक्षेआधी नखं तपासत. नखात माती दिसली की बाहेर.

खालच्या शाळेत गोष्टी कशा करायच्या ते शिकवत. माती मळायची, लाख वितळवायची, बांबू वाकवायचा. तिथे नियम असा, की 'का?' म्हणून विचारायचं नाही. जो विचारेल त्याला मातीचा आणखी एक घाणा मळायला लागे. हुशार मुलं फार मळत.

हसू नका. तुमच्याकडेही असंच आहे. फक्त तुमच्याकडे झाडं दोन आहेत.

वरच्या शाळेत धनेश सर होते. मोठी पिवळी चोच आणि त्याहून मोठा आवाज. मातीचा एक कण दुसऱ्या कणाला का धरून राहतो, यावर त्यांचा जंगलभर अधिकार. दरवर्षी त्यांच्या बाई अंडी घालायला ढोलीत बसत आणि ढोलीचं तोंड आतून मातीने लिंपून घेत. "अहो, माती आणा," त्या म्हणत. सर आणत. "ही भुसभुशीत आहे हो. टिकायची नाही," त्या म्हणत. "तत्त्वतः टिकायला हरकत नाही," सर म्हणत. मग बाई त्या मातीत काय काय कालवत आणि लिंपून मोकळ्या होत. सर फांदीवर बसून त्यावर निबंध लिहीत.

खालच्या शाळेत मिस्त्रीकाका होते. वाळवीच होते, पण म्हातारे, आणि जंगलातला प्रत्येक बांध, प्रत्येक भिंत त्यांच्या हाताखालून गेलेली. "हात घाल आधी," एवढंच ते शिकवत. एखाद्याने हात घातला आणि भिंत पडली, तर म्हणत, "आता दुसरा घाल."

आता या दोन शाळांत एकदम शिकायला कोण जाणार? त्यासाठी झाडावर चढता यायला हवं आणि जमिनीत शिरताही यायला हवं. जंगलात असा प्राणी एकच होता. खवल्या मांजर.

तिचं नाव हौसा. ती आणि तिची आई ओढ्याच्या काठाला बिळात राहत. कोरड्या दिवसांत बिळाच्या छताची माती गळायची. आधी चिमूट चिमूट, मग ढेकळं, मग एक दिवस सगळं छत खाली. मग आई दुसरं बीळ खणायची. खणून खणून आईची नखं झिजून अर्धी झाली होती. हौसाला ती नखं बघवत नसत. तिने ठरवलं, न ढासळणारं बीळ बांधायचं.

ती वर गेली. "सर, छत का पडतं?"

धनेश सरांनी सकाळभर सांगितलं. पाणी उडून गेलं की कणांची पकड कशी सुटते, किती सुटते, सगळं. हौसाला अगदी पटलं. "मग ते न पडावं म्हणून काय करू?"

"ते मी कसं सांगू?" सर म्हणाले. "तो खालचा विषय आहे."

ती खाली गेली. "काका, छत न पडावं म्हणून काय करू?"

"लाळ, माती, शेण. तीन बोटं थर."

"तीनच का?"

मिस्त्रीकाकांनी तिला मातीचा घाणा दाखवला.

म्हणून हौसाने ठरवलं, दोन्हीकडे शिकायचं.

त्याच सुमारास गवाराजांनी नवीन फर्मान काढलं. गवाराजे म्हणजे त्या जंगलाचे राजे. अंगाने अवाढव्य, मनाने भोळे. नवीन काही दिसलं की त्यांना ते आवडायचं आणि आवडलं की ते त्याचं फर्मान काढायचे. फर्मान असं: जो एकाच वेळी पदवी आणि पदविका घेईल, त्याला सात वर्षांचं शिक्षण पाच वर्षांत मिळेल.

हौसाने आईला सांगितलं. आईने खणणं थांबवलं. "पदार्थ अभियांत्रिकी? पदार्थ म्हंजी खायाचे का गं?"

"नाही गं आई. माती, चुना, लाख, असले."

"आन शिकवनार कोन?"

"वाळवी."

मुलांनो, खवल्या मांजर काय खातं ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मुंग्या आणि वाळवी. त्याशिवाय दुसरं काही नाही.

"म्हंजी पदार्थच की," आई म्हणाली. "बये, ज्येला खायाचं त्येच्याच पाया पडायाचं? तुज्या बापानं हे बगितलं असतं तर गोळा होऊन बसला असता आठवडाभर."

पण आईने अडवलं नाही. आईची नखं अडवायच्या कामातली राहिलीच नव्हती.

वारुळात प्रवेश घेताना हौसाला शपथ घ्यावी लागली. 'मी सत्र चालू असताना कोणाही शिक्षकाला, शिपायाला अथवा सहाध्यायाला खाणार नाही. सुट्टीतही या संस्थेतल्या कोणाला खाणार नाही. तोंडाला पाणी सुटल्यास वर्गाबाहेर जाईन.' सायाळ कारकुनाने आपल्या पाठीवरचा एक काटा उपटून त्या काट्याने ही शपथ लिहून घेतली. प्रात्यक्षिकाच्या वेळी मिस्त्रीकाका तिच्या नाकाच्या शेंड्यावर उभे राहून सूचना देत. हौसा डोळे मिटून वरच्या शाळेतली सूत्रं म्हणायची. म्हणून तिची सूत्रं कायम पाठ असत.

सकाळी वर, दुपारी खाली. वर जाताना ओढ्यात नखं धुवायची, खाली येताना पुन्हा मातीत घालायची. वरची मुलं नाक मुरडत, "हिला मातीचा वास येतो." खालची मुलं म्हणत, "ही हात लावायच्या आधी विचार करते. बिघडलेली आहे."

आता तुम्ही विचाराल, सात वर्षांची पाच कशी झाली? दोन वर्षं गेली कुठे?

ती गेली सूट देण्यात. जे खाली शिकवतात ते वर पुन्हा शिकायला नको आणि जे वर शिकवतात ते खाली नको, असं ठरलं. ठरवायला दोन्ही शाळा एकत्र बसल्या का? छे. त्या बोलतच नव्हत्या. सायाळ कारकून अभ्यासक्रमाची यादी घेऊन आधी वर गेला, मग खाली आला.

यादीत सतरावं प्रकरण होतं 'पाझर'. मातीतून पाणी झिरपतं कसं, आणि झिरपायला लागलं तर करायचं काय.

धनेश सरांनी प्रकरण वाचलं. "चिखल, पाणी, गळती. हे खाली शिकवत असतील," ते म्हणाले आणि लिहिलं, 'सूट'.

मिस्त्रीकाकांनी प्रकरण वाचलं. "पाणी मातीच्या आत चालतं, म्हंजे दिसत नाही. न दिसणारं सगळं वर शिकवतात," ते म्हणाले आणि लिहिलं, 'सूट'.

सायाळ कारकुनाने दोन्ही 'सूट' एकाखाली एक पाहिल्या. त्याला त्या नीटनेटक्या वाटल्या. त्याने शिक्का मारला.

हौसाच्या ते लक्षात आलं होतं, बरं का. ती गप्प बसली नाही. ती वर गेली. "सर, पाझर?"

"खाली."

ती खाली आली. "काका, पाझर?"

"वर."

मग ती खोडाच्या मधोमध नखं रुतवून लोंबकळत राहिली. खोडाच्या मधोमध कोणी काही शिकवत नव्हतं. तिथे फक्त एक सुतारपक्षी होता आणि तो कामात होता.

पाच वर्षांनी हौसाला दोन दाखले मिळाले. दोन्ही साग्रसंगीत. दोन्हींच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ होती: 'पाझर: सूट'.

पण एक सांगतो. शिकणं फुकट गेलं नाही. हौसाने आईसाठी बीळ बांधलं. वर शिकलेलं मोजून आणि खाली शिकलेलं मळून. तीन बोटं का ते तिला आता कळलं होतं. खरं तर चार लागत होती. त्या बिळाच्या छताचा दोन उन्हाळ्यांत एक कण पडला नाही. आईने दोन्ही दाखले बिळाच्या तोंडाशी लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छत दाखवू लागली. "हात लावून बगा. लेकीनं केलंय." शेजारपाजारच्या सशिणी छताला हात लावून दमल्या.

बीळ होतं बंधाऱ्याच्या पायथ्याशी. हा बंधारा गवाराजांनी नवीनच बांधून घेतला होता. आकृती वरून आली होती, माती खालून. मध्ये कोणी नव्हतं.

हौसाला नोकरी हवी होती. तिने बंधारा-निरीक्षक या जागेसाठी अर्ज केला. अर्जात शिक्षणासाठी एकच चौकोन होता. सायाळ कारकून म्हणाला, "यात एकच मावतं."

"मी दोन्ही बारीक लिहिते."

"बारीक लिहिलेलं कोणी वाचत नाही."

तिने पदवी लिहिली, तर वरचे म्हणाले, हिच्याकडे पदविकाही आहे, ही शुद्ध नाही. तिने पदविका लिहिली, तर खालचे म्हणाले, हिच्याकडे पदवी आहे, ही उद्या वर निघून जाईल. शेवटी गवाराजांना दया आली. ते म्हणाले, "पोर चढते छान, उतरते छान. हिला निरोप्याचं काम द्या. वरचे निरोप खाली, खालचे वर."

"त्याला शिक्षण काय लागतं, महाराज?" सायाळाने विचारलं.

"काही नाही."

सायाळाने चौकोनात लिहिलं, 'काही नाही', आणि हौसाला नोकरी लागली.

मग एक दिवस बंधाऱ्याच्या पायथ्याशी ओल दिसली. ओल म्हणजे आधी नुसता डाग. मग पाण्याची बारीक धार.

गवाराजांनी दोघांना बोलावलं. धनेश सर एका उंच दगडावर बसले. खाली यायला त्यांनी नकार दिला, कारण खाली ओल होती. "पाझर अपेक्षित आहे," ते म्हणाले. "पाणी आहे म्हणजे ते झिरपणारच."

मिस्त्रीकाका म्हणाले, "बूच मारा." वाळव्यांची फौज आली आणि भोकात माती ठासून गेली. धार बंद झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी धार हातभर पलीकडे निघाली. आधीपेक्षा जाड. पुन्हा बूच. पुन्हा टाळ्या. मग तिसरीकडून निघाली. पाचव्या बुचानंतर टाळ्या वाजवायला कोणी आलं नाही.

हौसाने डोकं खाजवलं. एका बाजूला वरचं ज्ञान होतं, दुसऱ्या बाजूला खालचं. आणि मधोमध, जिथे सतरावं प्रकरण असायला हवं होतं, तिथे एक भोक होतं. त्यातून तिला स्वतःचीच लाज वाहताना दिसली. पाच वर्षं! आणि आईचं बीळ तिथून चाळीस पावलांवर.

ती धावत बिळाकडे गेली. "आई, बीळ सोड. बंधारा जायचा."

"न्हाई सोडनार," आई म्हणाली. "जल्मभर बिळं सोडली. ह्ये माज्या लेकीनं बांधलंय. ह्येच्या छताचा एक कन पडला न्हाई."

"छत नाही पडणार, आई! छत तसंच राहील आणि तू बुडशील!"

हौसाला रडू आलं. इतकं चांगलं बीळ आपण बांधायलाच नको होतं, असं तिला वाटलं. जरा कच्चं बांधलं असतं, तर आई निमूट निघाली असती.

आई मात्र शांतपणे उठली. तुरुतुरु चालत बंधाऱ्यापाशी गेली. धारेखाली पंजा धरला. पंजात साठलेलं पाणी उन्हात धरून बघितलं. मग बोटांत चोळून बघितलं.

"गढूळ हाय," ती म्हणाली. "नुसतं पानी येत असंल तर येऊ द्यावं. गढूळ आलं म्हंजी आतली माती संगं घेऊन चाललंय. आतनं पोखरतंय. भायेरनं बूच मारलं की ते दुसरीकडनं फुटतं, आनखी मोठं."

"मग काय करायचं?"

"भायेरच्या अंगाला बारीक वाळू, तिच्यावर भरड वाळू, तिच्यावर खडं. पानी जाऊ द्यायाचं, माती अडवायाची. आन आतल्या अंगाला, पान्याकडनं, चिकनमाती तुडवायाची. तुज्या वक्ताला मी पोटुशी व्हते, तवा नदीकाठाला असंच केलं व्हतं."

हौसा तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मुलांनो, हेच ते सतरावं प्रकरण. इतकी वर्षं ते घरातच होतं. आईने ते कधी सांगितलं नाही, कारण दोन-दोन ठिकाणी शिकणाऱ्या मुलीला एवढं येत असेलच, असं तिला वाटलं होतं.

हौसा गवाराजांकडे पळाली. सगळं सांगितलं.

"कोणत्या ग्रंथात आहे?" गवाराजांनी विचारलं.

"आईने सांगितलं, महाराज."

दरबार हसला. एक माकड तर फांदीवरून पडलं. सायाळ कारकुनाने हौसाचे दाखले मागवले, उलटसुलट केले आणि बारीक अक्षरावर काटा ठेवला. "हे बघा. पाझर: सूट. हिला या विषयात बोलण्याचा अधिकार नाही."

"सूट म्हणजे मला येतं असं धरलंय!" हौसा म्हणाली.

"सूट म्हणजे येत नाही असंही नाही आणि येतं असंही नाही. सूट म्हणजे सूट."

गवाराजे कनवाळू होते. ते म्हणाले, "पोरी, तू निरोप्या आहेस. निरोप ने-आण कर. मोठ्यांचं काम मोठ्यांना करू दे."

हौसा बाहेर आली. थोडा वेळ ती गोळा होऊन बसली. त्यांच्यात तशी पद्धत आहे. गोळ्याच्या आत अंधार असतो आणि विचार चांगला होतो.

मग ती उलगडली आणि तिने स्वतःशीच मान डोलावली. निरोप न्यायचे ना? ठीक.

ती वर गेली. "सर, मिस्त्रीकाकांचा निरोप आहे. ते म्हणतात, बाहेरून बूच मारणं हाच उपाय. वरच्यांना यातलं काही कळत नाही."

हे काका खरंच म्हणाले होते. रोज म्हणत.

सरांची चोच लाल झाली. "बाहेरून बूच? निव्वळ अडाणीपणा! लिहून घे. बाहेरून बूच अजिबात मारू नये."

"लिहिलं. पुढे ते म्हणतात, बारीक वाळूवर भरड वाळू, भरडवर खडे असे थर दिले, तर पाणी जाईल आणि माती अडेल, हे कोणी सिद्ध करून दाखवूच शकत नाही."

"शकत नाही?" सर पंख फडफडवत उठले. "अगं, कणापेक्षा फट लहान असेल तर कण अडणारच! साधा हिशोब आहे!" त्यांनी तिथल्या तिथे पानावर आकडेमोड केली. बारीक वाळू किती बारीक, खडे किती जाड, सगळं काढलं. आकडे अगदी बरोबर होते. सर हुशारच होते, मी कुठे नाही म्हणतो? "जा. फेक त्याच्या तोंडावर."

हौसा खाली आली. पान तिने आपल्या खवल्यांत जपून ठेवलं होतं. "काका, सर म्हणतात, वाळूचे थर लावणं हाताचं काम नाही. खालच्यांना ते सात जन्मांत जमायचं नाही. त्यांनी मापं काढलीत, पण ती तुम्हाला दाखवू नको म्हणाले. तुम्हाला झेपायची नाहीत."

मिस्त्रीकाका तिच्या नाकावर चढले. "आण ती मापं इकडं."

"पण काका..."

"आण म्हणतो ना! हात घाला रे सगळ्यांनी!"

काय काम झालं म्हणून सांगू! ओळीच्या ओळी वाळव्या. प्रत्येकीच्या तोंडात वाळूचा एक कण. बारीक कण बारीक थरात, जाड कण जाड थरात. एकही कण चुकीच्या जागी नाही. थर इतके सरळ, की धनेश सर दगडावरून मान लांब करून बघत होते आणि कोणी पाहिलं की पटकन आकाशाकडे बघत होते.

राहिली आतली बाजू. पाण्यात उतरून चिकणमाती तुडवायची. वाळवीचं ते काम नव्हे. हौसा गवाराजांकडे गेली.

"महाराज, निरोप आहे. वरचे आणि खालचे, दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर सहमत झालेत."

"कोणत्या?" गवाराजे आनंदाने उभे राहिले.

"की आतल्या बाजूची माती बसवायला लागतं तेवढं वजन या जंगलात फक्त महाराजांचं आहे."

गवाराजे लाजले. मग सगळा कळप घेऊन पाण्यात उतरले. दुपार कलेपर्यंत ते चिकणमाती तुडवत होते आणि मधूनमधून विचारत होते, "पुरे का? की आणखी वजन टाकू?"

संध्याकाळच्या उन्हात हौसाची आई आली. खड्यांच्या थराखालून पाण्याची बारीक धार येतच होती. आईने पंजा धरला. पाणी उन्हात बघितलं. बोटांत चोळलं. मग पिऊन टाकलं.

"निवळ हाय," ती म्हणाली आणि घरी गेली.

हौसा तिथेच बसून रडली. या वेळी तिला त्याची लाज वाटली नाही.

आठ दिवसांनी सत्कार झाला. धनेश सरांना पळसाच्या पानांची शाल, सिद्धान्तासाठी. मिस्त्रीकाकांना तसलीच, फक्त फार लहान, कौशल्यासाठी. गवाराजांनी स्वतःला एक घेतली, नेतृत्वासाठी. भाषणात ते म्हणाले, "आज ज्ञान आणि हात एकत्र आले!" ज्ञान उजवीकडे बसलं होतं आणि हात डावीकडे. मध्ये हौसा उभी होती, दोघांचे हार धरून.

मग त्यांनी फर्मान काढलं. पाझर हा विषय यापुढे सक्तीचा. कोणाला सूट नाही. आणि तो शिकवायला एक शिक्षक नेमायचा.

हौसाने अर्ज केला. सायाळ कारकुनाने काटा ठेवला. "अट अशी, की उमेदवार पाझर विषयात उत्तीर्ण हवा. तुम्हाला सूट आहे."

"माझ्या आईला नेमा."

"त्यांचं शिक्षण?"

"ओढा, नदी, अकरा बिळं."

"चौकोनात मावत नाही."

सगळ्या जंगलात पाझर विषयात उत्तीर्ण असं कोणीच नव्हतं, कारण तो कधी शिकवलाच गेला नव्हता. तेव्हा ज्येष्ठ म्हणून धनेश सरांनाच नेमलं. आणि ज्यांना पूर्वी सूट मिळाली होती, त्यांनी वर्गात येऊन परीक्षा द्यावी, नाहीतर दोन्ही दाखले रद्द, असं ठरलं. अशी सूट मिळालेली विद्यार्थिनी एकच होती.

हौसा पहिल्या फांदीवर बसली. सर शिकवू लागले. "पाणी गढूळ आलं, तर त्याचा अर्थ असा, की... म्हणजे असा, की..." सरांनी पान उलटलं. मग हळूच विचारलं, "हौसा, खालचे त्या दिवशी काय म्हणत होते गं?"

हौसाने सांगितलं. सरांनी ते सगळ्यांना लिहून घ्यायला लावलं. लिहिताना एकाने विचारलं, "सर, याचा शोध कोणी लावला?" सर म्हणाले, "ते परीक्षेत येणार आहे."

आलं. शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त गुणांचा: 'आपला बंधारा कोणामुळे वाचला?'

बाकीच्यांनी लिहिलं, विद्यापीठामुळे. तेच बरोबर उत्तर होतं. हौसाला ते माहीत होतं. तिच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. दोन दाखले त्या एका ओळीवर टांगलेले होते. तिने काटा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग लिहिलं, 'आईमुळे.'

ती नापास झाली.

दोन्ही दाखले काढून घ्यायला सायाळ कारकून बिळाशी आला. त्याने दाखले काढले आणि त्यांच्या जागी नापासाचा कागद लावला. नियमच होता तसा. जाता जाता त्याने छताकडे बघितलं, इकडेतिकडे कोणी नाही असं पाहिलं आणि हळूच हात लावला. "हे कोणी केलंय हो?" त्याने विचारलं. "माझ्या घरचं छत फार गळतं."

"लेकीनं," आई म्हणाली. "ती नापास हाय. चालंल का?"

सायाळाने पुन्हा एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मला यातून सूट आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगून निघून गेला.

हौसा कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली. आईची नखं पुन्हा थोडी वाढली होती; दोन वर्षं खणावं लागलं नव्हतं ना. त्या नखांनी तिने हौसाच्या खवल्यांत अडकलेली वाळू हळूहळू काढली.

"पानी निवळ येतंय न्हवं?" तिने विचारलं.

"येतंय," गोळ्यातून आवाज आला.

"मग बास झालं."

तात्पर्य: मुलांनो, एका वेळी दोन ठिकाणी शिकू नये. शिकलातच, तर तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे घरी, काय सांगतात ते अजिबात ऐकू नये. त्याचं उत्तर परीक्षेत नेमकं चुकतं. आणि तुमचं घर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल, तर हे तात्पर्य वाचू नये.